कणभर खरं, मणभर खोटं

२०२१ च्या मे महिन्यात आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक निरोप येऊन पडला. 'लस घेतलेला एकही माणूस दोन वर्षांपेक्षा जास्त जगणार नाही. नोबेल विजेते फ्रेंच शास्त्रज्ञ लुक माँतान्ये यांचा इशारा.' खाली जोडलेले हात तीनदा आणि शेवटी 'आला तसा पाठवला'. पाठवणारा मावसभाऊ अकोल्याच्या जठारपेठेतला, चांगला बी.कॉम. झालेला, औषधाच्या दुकानाचे हिशेब लिहिणारा. अर्ध्या तासात परतवाड्याहून आत्याचा फोन आला. "काहून रे बापू, माह्यं तं एक टोचून झालं. आता दुसरं घेऊ का राहू देऊ? एकानं मरतच असन, तं दुसऱ्यानं काय फरक पडते?"

आत्याचा तर्क बिनतोड होता. मी "काही होत नाही, खोटं आहे ते" म्हणून फोन ठेवला आणि नंतर माझं मलाच खटकलं. मी तरी कुठे तपासलं होतं? मग बसलो शोधायला.

जे सापडलं ते असं. माँतान्ये खरे. एचआयव्हीच्या शोधासाठी २००८ चं नोबेल त्यांना मिळालं तेही खरं. त्यांनी फ्रेंचमध्ये एक मुलाखत दिली होती, तीही खरी. लसीकरणामुळेच विषाणूची नवी रूपं तयार होतात, असं ते त्या मुलाखतीत म्हणाले. हे चूक आहे, पण ते म्हणाले खरे. 'दोन वर्षांत मरण' हे वाक्य मात्र त्या मुलाखतीत कुठेच नाही. एका अमेरिकी संकेतस्थळानं तिचा तुकडा इंग्रजी भाषांतरासह फिरवला, वाटेत कुणीतरी ते वाक्य चिकटवलं, मग ते भारतात आलं, हिंदी झालं, मराठी झालं आणि जठारपेठेतून परतवाड्याला गेलं. केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयानं २५ मेच्या सुमारास ते खोटं असल्याचं जाहीर केलं. तोवर आत्याच्या गल्लीतल्या तीन घरांनी दुसरा डोस लांबवला होता.

कणभर खरं आणि मणभर खोटं. लसीविषयीच्या जवळजवळ प्रत्येक अफवेचं माप हेच असतं, मग ती आफ्रिकेतली असो, इंग्लंडातली असो की मेळघाटातली. खोडून काढणारे बहुतेकदा मणासोबत कणही फेकून देतात, मी आत्याच्या फोनवर फेकला तसा. ऐकणाऱ्यानं तो कण कुठेतरी पाहिलेला असतो, कधी कधी स्वतःच्या अंगावर. मग तो कण नाकारणाऱ्यावर त्याचा विश्वास कसा बसणार?

माँतान्येंच्या विधानाचा निकाल लावायला फ्रान्सला जायची गरज नव्हती, अमरावती पुरेशी होती. २०२१ च्या फेब्रुवारीत राज्यात सगळ्यांच्या आधी आमच्याकडे रुग्ण वाढले. २२ फेब्रुवारीपासून अमरावती शहर आणि अचलपूर आठवडाभर बंद ठेवावं लागलं आणि राजकमल चौकात भरदुपारी कबुतरं उतरली. विदर्भातल्या नमुन्यांत दोन खास बदल असलेला विषाणू सापडत होता. बी.१.६१७ या कुळाचं नाव मग जगभर झालं आणि त्याच्याच एका शाखेला जागतिक आरोग्य संघटनेनं मेअखेर 'डेल्टा' म्हटलं. आता तारखा बघा. या कुळाचे सर्वांत जुने नमुने भारतात ऑक्टोबर २०२० चे आहेत. देशात पहिली लस टोचली गेली १६ जानेवारी २०२१ ला, तीही फक्त डॉक्टर, परिचारिका आणि सफाई कामगारांना. म्हणजे नवं रूप आधी जन्मलं, लस मागून आली. विषाणू बदलतो तो माणसांच्या शरीरात वाढताना, लाखो वेळा स्वतःची नक्कल करताना. जितकी माणसं आजारी, तितक्या नकला, तितक्या चुका. आत्याला हे तारखांसकट सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मंग हे पहिलेच सांगाले काय झालं होतं?"

आता दुसरी अफवा, सगळ्यांत जुनी आणि सगळ्यांत चिवट: 'अमक्यानं लस घेतली अन् तिसऱ्या दिवशी गेला.' हिच्यातला कण तर डोळ्यांसमोर घडलेला असतो. माणूस खरंच लस घेतो आणि खरंच जातो. तमिळ अभिनेते विवेक यांनी १५ एप्रिल २०२१ ला जाहीरपणे लस घेतली, दुसऱ्या दिवशी त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि १७ तारखेला ते गेले. त्यांच्या मृत्यूचा लसीशी संबंध नसल्याचा निष्कर्ष पुढे चौकशीत निघाला, पण तोवर त्या बातमीनं देश पालथा घातला होता.

यातली मेख एका हिशेबात आहे. समजा एका जिल्ह्यात साठीच्या पुढची एक लाख माणसं आहेत आणि त्यांच्यातली चार हजार वर्षाकाठी म्हातारपणानं, हृदयविकारानं, मधुमेहानं जातात. म्हणजे दिवसाला अकरा. आता या लाखाच्या लाख माणसांना एकाच सोमवारी नुसतं साधं पाणी टोचलं, तरी गुरुवारच्या आत तेहतीस जण जाणार. तेहतीस घरांत तेहतीस जण 'टोचलं अन् गेला' म्हणणार आणि त्यातलं कुणीही खोटं बोलत नसणार. उरलेल्या ९९,९६७ जणांबद्दल कुणी काही सांगत नाही, कारण 'आमचे बाबा लस घेऊन आले आणि संध्याकाळी वरणभात जेवले' हे काही सांगण्यासारखं नसतं.

पण इथंच सावध राहायला हवं. 'लसीनं कुणीच मरत नाही' हेही खरं नाही. त्याच वर्षी मे महिन्यात केंद्राच्या समितीनं लसीनंतरच्या ४९८ गंभीर घटना तपासल्या आणि त्यांतल्या २६ मध्ये कोविशील्डनंतर रक्ताच्या गुठळ्यांचा संभव नोंदवला. दहा लाख डोसांमागे ०.६१ असं ते प्रमाण. जूनमध्ये तीव्र ॲलर्जीनं झालेला ६८ वर्षांच्या एका गृहस्थांचा मृत्यू लसीमुळेच झाल्याचं याच यंत्रणेनं मान्य केलं. लस घेतल्यावर अर्धा तास बसवून ठेवतात ते यासाठीच. तो अर्धा तास आपण 'सरकारी वेळकाढूपणा' समजून पानठेल्यावर जाऊन घालवतो ही गोष्ट वेगळी. हे आकडे लपवलेले नव्हते, पण ते दिल्लीच्या पत्रकात राहिले. गावात पोचलं ते 'काही होत नाही' एवढंच. आणि ज्याला दोन दिवस सणकून ताप आला, त्यानं मग पुढचं काहीच ऐकलं नाही.

हे न ऐकणं मेळघाटात दिसलं. मेळघाट म्हणजे अमरावती जिल्ह्यातले चिखलदरा आणि धारणी हे दोन तालुके. २०२१ च्या उन्हाळ्यात तिथल्या पाड्यांवर पथक आलं की लोक रानात निघून जात, दारं बंद करून बसत. शहरातल्या वर्तमानपत्रांनी 'आदिवासींचं अज्ञान' असा शिक्का मारून विषय संपवला. मला हा शिक्का आळशीपणाचा वाटतो. जठारपेठेतला बी.कॉम. भाऊ आणि मेळघाटातल्या सेमाडोहचा कोरकू आदिवासी शेतकरी एकाच अफवेला बळी पडत असतील, तर अज्ञान हे कारण लंगडं पडतं.

गंमत बघा. धारणी तालुक्यातलं हरिसाल २०१६ मध्ये देशातलं पहिलं 'डिजिटल व्हिलेज' म्हणून गाजलं, पण त्याच मेळघाटात आजही कितीतरी गावांत रेंज मिळायला टेकडी चढावी लागते. तरीही निरोप पोचत होतेच. परतवाड्याला, अकोटला मजुरीला गेलेला पोरगा फोनवर काहीतरी बघून यायचा. आठवडी बाजारात, किराणा दुकानाच्या पायरीवर, काळीपिवळी जीपमध्ये दाटीवाटीनं बसलेल्या चौदा माणसांत ते बोललं जायचं. रेंज संपते तिथून पुढे फॉरवर्ड पायी चालतो. आणि पायी चालणाऱ्या फॉरवर्डला सांगणाऱ्याचा चेहरा असतो, त्याचं नातं असतं.

उलट पथकाचा चेहरा कोणता? सरकारी गाडी, बरोबर तहसीलचे लोक, कधी पोलीस. मेळघाटच्या माणसाला सरकारी गाडीचा अनुभव फार आहे. व्याघ्र प्रकल्पातून उठवून अकोट-तेल्हाऱ्याकडे, म्हणजे अकोला जिल्ह्यात वसवलेल्या गावांतली माणसं सोयी मिळाल्या नाहीत, आमची माणसं दगावली, असं सांगत परत जंगलात शिरली आणि जानेवारी २०१९ मध्ये वनखात्याशी त्यांची मोठी चकमक झाली. या झगड्यात कोण किती बरोबर, तो इथला विषय नाही. पण 'तुमच्या भल्याचंच आहे' हे वाक्य तिथं सरकारच्या तोंडून पूर्वी ऐकलेलं आहे. दोनच वर्षांनी तेच वाक्य सुईसकट आलं.

गाठ सुटायला लागली ती कोरकूत बोलणारी माणसं पुढे आली तेव्हा. आशाताई, अंगणवाडी सेविका, गावचा शिक्षक, आणि ज्यांच्याकडे लोक आजारपणात आधी जातात ते भूमका. मेळघाटात तान्ह्या पोराचं पोट फुगलं की तापल्या लोखंडाचा चटका देणारा 'डंबा' हे भूमक्याचंच काम, म्हणून आरोग्य खात्याच्या दृष्टीनं तो कायमचा आरोपी. पण तो गावचा आहे. त्याच्या दारात रात्री दोन वाजता जाता येतं. त्यानं सर्वांदेखत बाही वर केली, तर ते भिंतीवरच्या शंभर भित्तिपत्रकांवर भारी पडतं.

हे सगळं मोबाइलनं आणलं असं आपण सहज म्हणून टाकतो. पण आमच्या भाषेलाच विचारा. माझी आजी लस टोचण्याला 'देवी काढणं' म्हणायची. रोगाचं नाव देवी, त्यावरच्या उपायाचंही तेच. तिच्या दंडावर दोन गोल, खोलगट वण होते, आठ आण्याच्या नाण्याएवढे. अंगावर आलेली ती आई, तिला सुईनं अडवायचं म्हणजे तिचा कोप ओढवायचा, अशी धास्ती घराघरांत होती. हा झाला श्रद्धेचा भाग. पण भीतीला दुसरंही कारण होतं आणि ते अगदी जमिनीवरचं होतं. १४ जून १८०२ ला मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला भारतातली पहिली देवीची लस टोचली गेली, आणि तिच्या दंडावरच्या फोडातली लस घेऊन पुढच्या मुलांना टोचलं. दंडाकडून दंडाकडे अशीच ती कितीतरी दशकं चालत राहिली. देवी काढणारा गावात आला की आधी टोचलेल्या पोराला सोबत फिरवायचा, त्याचा फोड फोडून दुसऱ्याला लावायचा. त्या पोराचे आईबाप हंबरडा फोडत. कुणाच्या अंगातलं आपल्या पोराच्या अंगात, ही शंका जातीची होती हे खरं, पण या पद्धतीनं उपदंशासारखे रोग पसरू शकत होते हेही तितकंच खरं. युरोपात तसं घडलंही होतं. पुढे वासरावर वाढवलेली लस आली आणि हा कण निघून गेला. भीती मात्र आणखी दोन पिढ्या टिकली.

इंग्लंडात याच लसीची सक्ती १८५३ मध्ये आली. दंड भरू न शकणाऱ्या गरिबांच्या घरातली भांडीकुंडी जप्त व्हायला लागली, तेव्हा १८८५ च्या मार्चमध्ये लेस्टर शहरात हजारोंचा मोर्चा निघाला. अखेर १८९८ मध्ये कायद्याला सवलत द्यावी लागली. ब्राझीलच्या रिओत नोव्हेंबर १९०४ मध्ये सक्तीच्या कायद्यावरून आठवडाभर दंगल झाली. नंतर ज्याच्या नावानं संस्था उभी राहिली तो ओस्वाल्दो क्रूझ तेव्हा शहराचा खलनायक होता.

आणि मुंबई? प्लेगच्या पहिल्याच लाटेत, २९ ऑक्टोबर १८९६ ला हजारभर गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. इस्पितळात माणसं उलटी टांगून त्यांची 'मोमियाई' काढतात, म्हणजे शरीरातून औषधी तेल गाळतात, अशी वदंता होती. व्हॉट्सॲप नव्हतं, गिरणीचा भोंगा होता. तेवढा पुरला. त्याच साथीत वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली. परळच्या ज्या संस्थेत पुढे लाखो डोस झाले तिला १९२५ पासून त्यांचं नाव आहे. पण मधल्या काळात पंजाबातल्या मलकोवाल गावात १९०२ मध्ये एकाच बाटलीतून टोचलेली १९ माणसं धनुर्वातानं मेली. ठपका हाफकिनवर आला आणि त्यांना काम सोडावं लागलं. बाटली उघडताना गावातच झालेली गफलत हे कारण मान्य होऊन ते निर्दोष ठरले १९०७ मध्ये. पाच वर्षं हा माणूस एका बाटलीखाली दबून होता, आणि लसीचं नावही.

अशा बाटल्या जगभर आहेत. सामोआ हा पॅसिफिकमधला चिमुकला देश, वस्ती दोन लाख, म्हणजे आपल्या मेळघाटच्या दोन तालुक्यांपेक्षा कमी. तिथं जुलै २०१८ मध्ये गोवराची लस टोचल्यावर दोन बाळं मिनिटांत गेली. लसीची पूड विरघळवायच्या पाण्याऐवजी परिचारिकांनी भुलीच्या वेळी वापरायचं स्नायू शिथिल करणारं औषध मिसळलं होतं. लस निर्दोष होती, पण सरकारनं कार्यक्रमच महिनोन्महिने थांबवला, आणि समाजमाध्यमांवरच्या लसविरोधकांनी ती रिकामी जागा भरून काढली. त्या वर्षी जेमतेम ३१ टक्के बाळांना गोवराचा डोस मिळाला. गोवराचा एक रुग्ण बारा ते अठरा जणांना लागण देतो, त्याला अडवायचं तर शंभरातल्या पंच्याण्णवांना लस हवी. २०१९ च्या अखेरीस साथ आली आणि ८३ जण दगावले, बहुतेक पाच वर्षांखालचे. शेवटी सरकारनं दोन दिवस देश बंद केला आणि लस राहिलेल्या घरांनी दारात लाल फडकं लावावं, पथक येईल, असं फर्मान काढलं. महिनाभरापूर्वी लसीला नाही म्हणणाऱ्यांच्या दारावर लाल फडकी लागली.

आता आपल्या वऱ्हाडातलं बघा. ३१ जानेवारी २०२१, पल्स पोलिओचा रविवार. यवतमाळ जिल्ह्यात घाटंजी तालुक्यातल्या कापसी-कोपरी गावी बारा लेकरांना पोलिओच्या थेंबांऐवजी हात धुवायचं सॅनिटायझर पाजलं गेलं. उलट्या, गरगरणं सुरू झालं. लेकरं यवतमाळच्या रुग्णालयात नेली आणि सुखरूप घरी परतली. महत्त्वाचं असं की प्रशासनानं ते दडपलं नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत सगळं छापून आलं, तिघांना निलंबित केलं, आणि बाटली कशी बदलली यावर उघड चर्चा झाली. घटना लाजिरवाणी होती. पण 'पोलिओच्या थेंबात विष' अशी अफवा उगवायला जी अंधारी जागा लागते, ती तिला तिथं मिळाली नाही.

नसबंदीच्या अफवेची कुळकथा मात्र अंधाराचीच आहे. 'लस टोचली की मूल होत नाही', हे वाक्य नायजेरियापासून मालेगावपर्यंत फिरलं. नायजेरियात कानो राज्यानं २००३ मध्ये पोलिओची लस बंद केली आणि तिथला विषाणू कित्येक देशांत गेला. हा निव्वळ वेडेपणा म्हणावा, तर १९९६ च्या मेंदूज्वराच्या साथीत फायझर कंपनीनं त्याच कानोमध्ये मुलांवर नव्या औषधाची चाचणी घेतली होती आणि संमतीवरून खटले चालू होते. पाकिस्तानात ओसामा बिन लादेनचा माग काढायला अमेरिकी गुप्तहेर संस्थेनं २०११ मध्ये अबोटाबादला कावीळ ब च्या लसीकरणाचं सोंग उभं केलं. हे जगजाहीर झाल्यावर पोलिओच्या डोसाची पेटी घेऊन फिरणाऱ्या बायका गोळ्यांना बळी पडल्या. २०१४ मध्ये अमेरिकेनं 'यापुढे लसीकरणाचा असा वापर करणार नाही' असं कबूल केलं. पण ज्यांच्या घरातली बाई गेली, त्यांना हे कोण सांगणार? आपल्याकडेही आणीबाणीत नसबंदी जबरदस्तीनं झाली. बार्शीची १९७६ ची मोहीम अजून आठवणारे आहेत. सक्तीच्या नसबंदीचं विधेयक विधिमंडळात मंजूर करणारं देशातलं पहिलं राज्य महाराष्ट्रच. त्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली नाही म्हणून निभावलं. सरकारी दवाखाना आणि नसबंदी ही जोडी ज्यांच्या आईबापांनी भोगली, त्यांना ती सुईत दिसली तर नवल काय? लसीत तसं काही नसतं हे शंभर टक्के खरं. पण 'सरकार असं कधी करतच नाही' हे मात्र म्हणता येत नाही.

मग मोबाइलनं नवं काय केलं? एक तर वेग दिला. अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी २००६ ते २०१७ मधल्या ट्विटरवरच्या सव्वा लाखाहून जास्त बातम्यांचा माग काढला. त्यांचा निबंध २०१८ मध्ये 'सायन्स'मध्ये आला. खोटी बातमी पुढे ढकलली जाण्याची शक्यता खऱ्यापेक्षा ७० टक्क्यांनी जास्त निघाली, आणि दीड हजार माणसांपर्यंत पोचायला खऱ्याला सहापट वेळ लागला. हे यंत्रं करत नव्हती, माणसंच करत होती. कारण खोट्यात नवल असतं, आणि नवल आधी सांगणाऱ्याला चौकात मान मिळतो. दुसरं, या धंद्यात पैसा आला. २०२१ च्या मार्चमध्ये एका ब्रिटिश-अमेरिकी संस्थेनं तपासलेल्या इंग्रजी लसविरोधी मजकुरापैकी ६५ टक्क्यांचं मूळ अवघ्या बारा माणसांत सापडलं. त्यांतले काहीजण स्वतःच्या गोळ्या नि पूरक औषधं विकणारे. लसीला 'औषध कंपन्यांचा डाव' म्हणणाऱ्या माणसाचं स्वतःचंच दुकान असावं, यात एक बेरकी विनोद आहे. तो विनोद भाषांतरात हरवतो. आमच्यापर्यंत मजकूर येतो, दुकान तिकडेच राहतं.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत घातक वाटते. फॉरवर्डला धनी नसतो. काळीपिवळीतल्या अफवेत 'कोण म्हणालं?' असं विचारता येतं. 'आला तसा पाठवला' म्हटलं की विचारणंच खुंटलं. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून सोलापूरकडच्या पाच भटक्या भिक्षेकऱ्यांना जमावानं ठेचून मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाचांनाच निरोप पाठवता येईल अशी मर्यादा आणली. एप्रिल २०२० पासून खूप फिरलेला निरोप एका वेळी एकालाच पाठवता येतो. वेग उतरला हे खरं. पण आवाजी निरोपांची गोष्ट वेगळी. लिहिता-वाचता न येणाऱ्यांपर्यंत ते पोचतात, बोलणारा आपल्याच बोलीत बोलतो, 'आपल्या इर्विन दवाखान्यातला एक डॉक्टर सांगून राह्यला होता' अशी सुरुवात करतो, आणि त्या आवाजाचा इंटरनेटवर शोध घेता येत नाही.

कण आणि मण शाळेतही भेटतात. नोव्हेंबर २०१८ मध्ये गोवर-रुबेलाची मोहीम राज्यभर शाळाशाळांत सुरू झाली. तीन कोटींहून जास्त मुलं टोचायची होती. टोचायच्या दिवशी वर्ग ओस पडल्याचं चित्र कितीतरी शाळांत दिसलं. इथला कण कोणता? काही मुली टोचल्यावर चक्कर येऊन पडल्या, हा. रांगेत उपाशीपोटी उभं राहून पुढचीचं रडणं बघितलं की घाबरून चक्कर येते आणि ती एकीकडून दुसरीकडे लागते. मुली खरंच पडल्या होत्या. त्या का पडल्या एवढं आदल्या दिवशीच पालकांना सांगितलं असतं, तर दुसऱ्या दिवशीचे व्हिडिओ निम्मे निपचित पडले असते. पालकांची संमती घेतली का, हा प्रश्नही खरा होता. दिल्लीत तर त्यावरून मोहीम उच्च न्यायालयात अडली.

एक मजेचाही कण आहे. जून २०२१ मध्ये नाशिकच्या एका वृद्ध गृहस्थांच्या अंगाला लस घेतल्यावर चमचे, नाणी चिकटतात, असा व्हिडिओ गाजला. नाणी चिकटत होती, कॅमेऱ्यात दिसतच होतं. घामेजलेल्या, तुळतुळीत कातडीवर हलकी सपाट वस्तू चिकटते, लस घेतली असो वा नसो. पावडर लावली की पडते. ज्यांनी 'खोटं आहे' म्हटलं त्यांना शिव्या मिळाल्या. ज्यांनी घरात स्वतःच्या कपाळाला नाणं चिकटवून दाखवलं, त्यांच्या घरात हशा पिकला आणि विषय संपला.

अंजनगाव सुर्जीजवळच्या शेंडगावात जन्मलेले गाडगेबाबा कीर्तनात उपदेश कमी करत, प्रश्न जास्त विचारत. समोरच्या हजारोंकडून उत्तर काढून घेत, त्या उत्तरावर पुढचा प्रश्न टाकत, आणि माणूस स्वतःच्याच तोंडून अशा जागी येऊन पोचायचा की तिथून परतायला वाट नसे. ऐकणाऱ्याला आधीपासून काय ठाऊक आहे, तिथून ते सुरू करत. आमच्या मातीत ही रीत असताना आरोग्य खात्याच्या भिंतीवर 'अफवांवर विश्वास ठेवू नका' एवढंच का लिहिलेलं असतं, हे मला कोडं आहे. अफवेवर विश्वास ठेवणाऱ्याला ती अफवा आहे हे कुठे माहीत असतं?

गेल्या वर्षी धारणीच्या वरच्या अंगाला एका पाड्यावर लसीकरणाचा दिवस बघायला गेलो होतो. अंगणवाडीच्या ओसरीवर सिस्टर बसल्या होत्या, मूळच्या अकोटच्या. शेजारी निळा लसीचा डबा, आत बर्फाच्या चार पट्ट्या. प्रत्येक कुपी काढली की त्या तिच्यावरचा गोल बघत. गोलातला चौकोन पांढरा असेल तर लस चांगली, उष्णता लागत जाते तसा तो काळवंडत जातो. आशाताई एका म्हातारीला ती कुपी हातात देऊन दाखवत होती. म्हातारीच्या कडेवर दीड महिन्याचा नातू. मागच्या महिन्यात शेजारच्या पोराला टोचलं, रात्रभर ते तापानं फणफणलं आणि त्याची आई पुढच्या डोसाला आलीच नव्हती. म्हातारीनं ते पाहिलं होतं. तिनं कुपी परत दिली, सिस्टरकडे बघितलं आणि विचारलं, "बुखार आयेगा?"

सिस्टरनं सुई खाली ठेवली. "आयेगा," त्या म्हणाल्या. "आज रात को. टोचा वहां गाठ भी आयेगी, थोडी लाल. रोयेगा भी." मग गोळी मोडून किती द्यायची, गाठीवर काय लावायचं नाही, आणि परवापर्यंत ताप राहिला तर कुणाच्या घरी जायचं, ते आशाताईनं कोरकूत दोनदा सांगितलं.

म्हातारीनं पोराचं दुपटं मांडीवरून सारलं.